टक्कल पडलेल्या थडग्यावरची बांगा

आमच्या डोंगरउतारावरच्या सगळ्या थडग्यांत एकाच थडग्याला टक्कल पडलं, आणि ते प्यो दॉकमानचंच असणार याबद्दल गावात कोणालाही शंका आली नाही. दॉकमान जिवंतपणीही टकलाच होता.

मी या गावचा सरपंच, जोंगथेक. गावात माणसं कमी आणि मतं जास्त. रोज सकाळी लाऊडस्पीकरवरून मी सूचना देतो, त्या कोणी ऐकत नाही. पण शेवटी चुकून खोकलो तर दुपारपर्यंत तीन घरांतून काढा येतो. अशा गावात थडग्याला टक्कल पडणं ही साधी गोष्ट नव्हे. आमच्याकडे थडगं म्हणजे मातीचा गोल उंचवटा. त्यावर दाट हिरवळ हवी आणि छुसॉकच्या, म्हणजे पितरांच्या सणाआधी ती बारीक कापलेली हवी. हिरवळ धरली नाही तर लोक मेलेल्याला काही बोलत नाहीत, मागे राहिलेल्यांकडे बघतात.

मागे राहिली होती ती त्याची बायको, गोसॉंगवाली. नाव पिलन्यॉ, पण लग्न होऊन आल्यापासून गाव तिला माहेरच्या गावाच्या नावानेच हाक मारतं. दॉकमान गेला तेव्हा ती कमरेच्या ऑपरेशनसाठी शहरातल्या इस्पितळात पडून होती. पुरायचं काम त्याच्या पुतण्याने, सांगग्यूने, खणायचं मशीन आणून उरकलं. त्या दिवशी अशी थंडी होती की खानदानातले वडीलधारे गाडीतूनच मान डोलवत होते. मी डोंगराच्या पायथ्याशी तिखट लाल सुपाच्या हंड्यापाशी होतो, कोणीतरी तिथेही लागतंच. त्याच हिवाळ्यात नव्या रस्त्याच्या आड आलेलं एक बेवारस थडगं सरकारी माणसांनी उकरून आमच्याच डोंगराच्या कडेला, दॉकमानच्या शेजारी आणून ठेवलं. म्हणजे शेजारी शेजारी दोन नवे उंचवटे झाले.

वसंतात गोसॉंगवाली काठी टेकत डोंगर चढली. एक उंचवटा हिरवागार झाला होता, दुसरा गुळगुळीत. ती सरळ गुळगुळीत उंचवट्यापाशी गेली, त्यावर हात फिरवला आणि ढसाढसा रडली.

"इथेही तुझी तीच तऱ्हा!" ती म्हणाली.

मी शेजारी उभा होतो. मलाही रडू आलं. इतकं खरं वाटलं ते.

तिने हिरवळीचे गड्डे आणून लावले, ते वाळले. पुन्हा लावले, पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन ऑपरेशन झालेल्या कमरेने चढत राहिली, तरी वाळले. उतार दक्षिणेकडचा, माती मुरमाड, दिवसभर ऊन. शेवटी तिने परसातली बांगा उपटली.

बांगा आमच्याकडे भिंतीच्या कडेला, उकिरड्यावर, कुठेही येते. तुळशीच्या कुळातली, पानांना बडीशेपेसारखा उग्र वास. आम्ही ती धिरड्यांत आणि माशांच्या सुपात घालतो. उन्हाळा सरता सरता तिला जांभळ्या मंजिऱ्या येतात. गोसॉंगवालीने शरदात जुनी खोडं खणली, मुळांचे मूठमूठभर तुकडे केले, खुरप्याने मुरूम उकरून एकेक तुकडा बसवला आणि भोवती खडे दाबले.

मी म्हटलं, "वहिनी, पाणी कोण आणणार?"

"पहिलं वर्ष मी आणेन. मग नको. जास्त पाणी पाजलं की मुळं कुजतात हिची. कोरडं ठेवलं की खोल जाते." थडग्याकडे बघून पुढे म्हणाली, "ह्यालाही पाजून पाजूनच घालवला लोकांनी."

हिवाळ्यात सगळं वाळून काड्या झाल्या. गाव म्हणालं, गेलं. वसंतात मुळांतून कोंब वर आले. गाव म्हणालं, आलं. "सकाळी असाच उठायचा," गोसॉंगवाली म्हणाली. "मेला की काय म्हणून हलवायला जावं, तर नाश्ता मागायचा."

तिसऱ्या उन्हाळ्यात थडगं जांभळं झालं, पायथ्यापासून टाळूपर्यंत. आणि त्याच उन्हाळ्यात पाऊस रुसला. भोपळ्यांची फुलं उमलायच्या आत गळली, रस्त्याकडेला सरकारने लावलेली फुलं सरकारसारखीच माना टाकून बसली. अख्ख्या खोऱ्यात फुलत होतं ते एक दॉकमानचं थडगं. खोऱ्यातली प्रत्येक मधमाशी तिथे. जवळ गेलं की उंचवटाच गुणगुणतोय असं वाटायचं.

आता दॉकमान आयुष्यभर गुणगुणायचा. सूर नाही, शब्द नाहीत, नुसतं नाकातून. गोसॉंगवाली चुलीशी पाठमोरी उभी राहून दिवसभराचं गाऱ्हाणं सांगायची आणि मागे बसून हा गुणगुणायचा. ऐकतोय की नाही हे तिला चाळीस वर्षांत कळलं नाही. पहिल्या वसंतापासून ती रोज दुपारी डोंगरावर जायची, त्याच्या थडग्याकडे तोंड करून शेजारच्या हिरव्या उंचवट्याला पाठ टेकायची आणि बोलायची. आता थडगंही गुणगुणायचं.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, परक्याच्या थडग्याला असं टेकून बसू नये. बेवारस असला म्हणून काय झालं."

"त्याला कोण आहे बिचाऱ्याला? माझी पाठ शेकते, त्याला सोबत होते."

इथवर ठीक होतं. मग तिने धिरडी केली.

गावच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते. बांगाची पानं घातलेली, कडेला कुरकुरीत, गरम गरम. प्यो खानदानातले थोरले काका, मुन्सिक, ऐंशीच्या पुढचे, तेही आले होते. त्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त खाल्ली, वर तांदळाची दारू घेतली आणि बोटं पुसत म्हणाले, "यंदा एवढ्या दुष्काळात इतकी ताजी पानं कुठून मिळाली गं?"

"कुठून म्हणजे? त्याच्याच डोक्यावरची."

कोणीतरी हळूच तोंडातला घास रुमालात घेतला. थोरल्या काकांचा गिळून झाला होता, त्यांचा इलाज नव्हता.

"पूर्वजाच्या अंगावर भाजी लावलीस?" ते ओरडले. "आणि ती आम्हाला खायला घातलीस? उद्या मुळे लावशील!"

"मुळ्याला खोल माती लागते, काका. तिथे दॉकमान आहे."

दुसऱ्या दिवशी थोरल्या काकांनी निकाल दिला. दॉकमानच्या नावाचा दगड अजून बसवायचा होता. आमच्याकडे थडग्याचं काम एरवी करत नाहीत. अधिक महिन्यात करतात, कारण त्या महिन्यात देवांचं आणि भुतांचं आपल्याकडे लक्ष नसतं, काही चुकलं तरी बाधत नाही. तीन वर्षं वाट बघून यंदा अधिक महिना आला होता. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दगड येणार होता. "दगड उभा राहायच्या आधी ते झाडोरं मुळापासून कापलेलं हवं," काका म्हणाले. "खानदानाचं नाव कोरलेला दगड मी भाजीच्या वाफ्यात उभा करणार नाही."

गोसॉंगवाली माझ्याकडे आली. एवढी तोंडाळ बाई, पण त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून नुसती हातातली टोपी दुमडत राहिली.

"भाऊजी, काहीतरी करा," ती म्हणाली. "ती फुलं कापली तर तो गप्प होईल."

मी सरपंच आहे, मला भुताखेतांचं सोयरसुतक नाही. पण असं कोणी टोपी दुमडत बसलं की मला राग येतो. मी तडक थोरल्या काकांकडे गेलो.

त्यांच्या अंगणात मधाच्या पेट्या होत्या. त्या वर्षी खोऱ्यात सगळ्यांच्या पेट्या ओस पडल्या होत्या, ह्यांच्या भरल्या होत्या. त्यांच्या मधाला बडीशेपेचा वास येत होता आणि तो मध ते शहरातल्या लोकांना फुशारकीने विकत होते.

"काका, तुमच्या माश्या कुठे चरतात?"

"डोंगरापलीकडच्या रानात."

"पलीकडचं रान वाळून कोळसा झालंय. तुमच्या माश्या दॉकमानच्या टाळूवर चरतात."

"माझ्या माश्या खानदानी आहेत," काका कडाडले. "त्या थडग्यावर जात नाहीत!"

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी गोसॉंगवालीकडून धिरड्याचं पीठ आणि चाळण घेतली. दुसऱ्या दिवशी भर उन्हात काकांना त्यांच्या पेट्यांसमोर खुर्चीवर बसवलं, साक्षीला बायकांची रांग बसवली, आणि डोंगरावर जाऊन थडग्यावर पीठ चाळलं. फुलांवर, माश्यांवर, माझ्यावर, सगळीकडे पांढरं. लांबून बघणाऱ्या टपालवाल्याला वाटलं सरपंच दॉकमानला तळायला घेतोय. माश्या चिडून उठल्या, एक माझ्या कानाला चावली. मी कान धरून उतार उतरत आलो.

पोचलो तेव्हा काकांच्या पेटीच्या फळीवर एक पांढरी माशी उतरत होती. मग दुसरी. मग त्यांची रीघच लागली, गिरणीतून आल्यासारखी. दारावरच्या पहारेकरी माश्या त्यांना हुंगत होत्या आणि आत सोडत होत्या.

"ह्या पाहुण्या असतील," काका म्हणाले.

"पाहुण्या सरळ माजघरात शिरतात होय?" रांगेतून एक बाई म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

काका उठले. अंगरख्यावरचं पीठ झटकलं. "माश्या गेल्या असतील," ते म्हणाले. "माशीला रीतभात नसते. म्हणून माणसाने सोडायची का? फुलं कापायचीच." आणि आत गेले. मला वाटलं होतं मी जिंकलो. संध्याकाळी त्यांच्याकडून एक मधाची बाटली आली, कानाला लावायला. म्हणजे हरलोच होतो.

अधिक महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. पाथरवटाची छोटी क्रेनवाली गाडी दगड घेऊन डोंगरावर आली. थोरले काका पांढऱ्या अंगरख्यात आणि घोड्याच्या केसांच्या टोपीत आले. अर्धं गाव आलं, दुष्काळात शेतावर काम कुठे होतं. गोसॉंगवाली पहाटेच येऊन बसली होती, फुलांकडे तोंड, पाठ शेजारच्या उंचवट्याला. थडगं नेहमीसारखं गुणगुणत होतं.

"आज आवाज जरा मोठा आहे त्याचा," ती मला म्हणाली. "कळलंय त्याला."

सांगग्यू उल्सान शहरातून आला होता. पुरल्या दिवसानंतर पहिल्यांदाच. सणाआधीची कापणी आता कंत्राटी माणसं करतात; यंदा दगडासाठी ती आधीच उरकून गेली होती. दरवर्षी ती शेजारचा हिरवा उंचवटाही कापून टाकायची आणि दरवर्षी थोरले काका त्यांच्या अंगावर धावून जायचे. ज्याचं थडगं कापाल त्याचे वारस व्हाल, उद्या त्या परक्याचा सगळा नैवेद्य आपल्या गळ्यात पडेल, अशी त्यांची भीती.

काकांनी गवतकापणीचं मशीन सांगग्यूच्या हातात दिलं. "तू पुतण्या. तूच काप."

सांगग्यूने मशीनची दोरी ओढली. मशीन घरघरलं. तो चालत गेला, गोसॉंगवालीपाशी थांबला आणि तिला ओलांडून हिरव्या उंचवट्यापुढे उभा राहिला. थोडा वेळ बघितलं. मशीन बंद केलं.

"हे तर कापलेलंच आहे की," तो म्हणाला.

"तिकडे काय बघतोस?" काका ओरडले. "हे इकडचं, फुलांचं!"

"ते कोणाचं आहे?"

"तुझ्या काकाचं!"

सांगग्यू हसला. मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून हसायचा थांबला. "काका तर इथे आहेत. मीच पुरलं ना. डोक्याशी खूण म्हणून पांढरा दगड दाबला होता मी." त्याने वाकून गवत चाचपलं, खुरपं मागितलं, दोन वेळा खरवडलं. आतून पांढरा गोटा निघाला, भोपळ्याएवढा.

पाथरवटाने विडी पेटवली आणि विचारलं, "मग कुठे उभा करायचा? मला संध्याकाळी दुसरीकडे जायचंय."

मी दोन्ही उंचवट्यांकडे आळीपाळीने बघितलं. तीन वर्षं आम्ही सगळे भलत्याच उंचवट्यापुढे वाकलो होतो. मी स्वतः निवडणुकीच्या आधी तिथे दारू शिंपडून दॉकमानचा आशीर्वाद मागितला होता. निवडून आलो होतो, कोणाच्या आशीर्वादाने कोण जाणे.

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत, काकू," सांगग्यू कळवळून म्हणाला.

"आपला नवरा कोणता हे विचारतात का कोणी?" गोसॉंगवाली म्हणाली. "टक्कल बघितलं. ओळखलं."

थोरल्या काकांच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं होतं. त्यांचा चेहरा टोपीखाली लाल होत गेला. "म्हणजे," ते म्हणाले, "प्यो खानदानाची सून तीन वर्षं रोज दुपारी डोंगरावर एका परक्या पुरुषापाशी बसत होती?"

"आणि मनातलं सगळं सांगत होती," एक बाई मागून म्हणाली.

"डोक्यावरून हात फिरवला होता, मी बघितलंय," दुसरी म्हणाली.

"अगं बाई," गोसॉंगवाली म्हणाली. "या वयात माझं प्रकरण झालं आणि मला पत्ताच नाही."

बायका पोट धरून हसल्या. पाथरवटही हसला. पण गोसॉंगवाली हसत नव्हती. ती फुलांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा पडला होता की माझंही हसू विरलं. तीन वर्षांचं सगळं बोलणं भलत्याच दारात टाकलेल्या पत्रासारखं झालं होतं. कमरेचं दुखणं, मेलेली कोंबडी, सामच्छॉनपो गावच्या चहावालीशी दॉकमानचं जुनं प्रकरण, ते तिने गेल्या वसंतात रडून रडून माफ केलं होतं. दॉकमानला काहीच मिळालं नव्हतं, माफीसुद्धा.

थोरल्या काकांनी मशीन स्वतःच्या हातात घेतलं. "मग तर हे राहायलाच नको," ते म्हणाले. "परका माणूस आमच्या जागेत, वर हा तमाशा. कापून टाकतो." दोरी ओढली. मशीन घरघरलं. माश्या उठल्या. गोसॉंगवाली उठायला गेली, पण कमरेने साथ दिली नाही, ती तशीच हात पुढे करून राहिली.

मी मध्ये उभा राहिलो. कान अजून सुजलेला होता, त्याचा राग होताच. "कापा," मी ओरडलो. "कापा, काका! पण आधी गावापुढे सांगा. हा परका तुमचा कोण?"

"कोणी नाही!"

"मग ज्याचं थडगं कापाल त्याचे वारस व्हाल, हे कोण सांगतं दरवर्षी?"

काकांचं पातं फुलांपासून हातभर अंतरावर थांबलं. त्यांच्या टोपीवर एक माशी बसली, त्यांच्याच पेटीतली असणार. मग त्यांनी हिरव्या उंचवट्याकडे पाहिलं, बारीक कापलेल्या गवताकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू मोठं समाधान पसरलं.

"म्हणजे तीन वर्षं आपण दॉकमानलाच कापत होतो," ते म्हणाले. "परक्याला आपण हातही लावला नाही! फुलं असल्यामुळे!" त्यांनी मशीन बंद केलं. "आणि लावणारही नाही. प्यो खानदानाचं मशीन बाहेरच्यावर चालणार नाही. वाढू द्या त्याला काय वाढायचं ते. आमचा संबंध नाही."

बांगा वाचली ती अशी. वाचली ते बरंच झालं, पण गोसॉंगवालीला त्याचं काही वाटलं नाही. ती खाली बसून होती. पाथरवटाने हिरव्या उंचवट्यापुढे खड्डा केला, दगड उभा केला, गाडी गेली. काकांनी दारू ओतली, सगळे वाकले. ह्या वेळी योग्य दिशेला. सगळं रीतसर झालं आणि लोक जेवणाकडे निघाले.

मी तिला हात द्यायला थांबलो. "वहिनी, चला. झालं ते झालं. उद्यापासून इकडे तोंड करून बोला. पहिल्यापासून सांगा. त्याला कुठे घाई आहे."

"ह्याच्याशी तीन वर्षं एक शब्द बोलले नाही मी," ती म्हणाली. "शेजारी असून. एकटा पडला असेल, भाऊजी."

तिने मागे हात नेऊन गवत चाचपलं. हात एका जागी थांबला. हिरव्या उंचवट्याच्या कुशीत, बरोबर तिच्या पाठीएवढा, गवत दबून खळगा झाला होता. तीन वर्षांच्या दुपारींचा. ती त्या खळग्याकडे बघत राहिली, आणि मला तिच्या आधी कळलं, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी चुलीकडे तोंड करून बोलायचे ना. तो पाठीमागेच बसलेला असायचा."

मग ती पुन्हा त्या खळग्यात टेकली, फुलांकडे तोंड करून, आणि सामच्छॉनपोच्या चहावालीवरून पहिल्यापासून सुरुवात केली, जरा मोठ्या आवाजात, म्हणजे मागेही ऐकू जावं. मला म्हणाली, जेवायला माझं ताट झाकून ठेवा, हे लवकर संपायचं नाही.